खटका

आमच्या घरात खटके दोन जागी उडतात.
एक जिन्याखालच्या पेटीत,
दुसरा पद्मीनच्या आणि माझ्या मधे.
पहिला मला वर करता येतो.

चाळीस वर्षं मी गंजगोलाईमागं मोटारी भरल्या.
मे महिन्यात जळक्या मोटारी खांद्यावर घेऊन
लोक दुकानासमोर उभे. म्हणायचे,
चांगली चालू होती हो, एकाएकी गेली.
एकाएकी काहीच जात नाही.
आधी आवाज बसतो, मग अंग तापतं,
मग वार्निशचा वास सुटतो
आणि त्या वासाला घरातलं कुणी दाद देत नाही.

आता वरच्या दोन खोल्यांत चार पोरं ठेवलीत.
डॉक्टर व्हायला अख्खा मुलूख लातुरात येतो,
त्यातला हा माझ्या वाट्याचा:
मुखेडचा तथागत, कळंबचा वैजनाथ,
उदगीरचा मुदस्सिर,
आणि एक सेलूचा, तो बोलतच नाही,
त्याचं नाव मी भाड्याच्या पावतीवर वाचतो.

पहिल्याच आठवड्यात चार कूलर, दोन किटल्या,
इस्त्री, आणि बादलीत लटकवलेला रॉड.
खट्.
अंधारात वरून हसण्याचा आवाज.
मी ओरडलो, दिवसभर ओहमचा नियम घोकता
आणि सोळा अँपिअरचा खटका कळंना का रे?
"काका, पेपरात मोटार नसती," तथागत म्हणाला.

मग मीच भिंतीवर कागद लावला.
कूलर एकशे ऐंशी, गुणिले चार.
किटली पंधराशे. रॉड पंधराशे.
किटली आणि रॉड सख्ख्या जावा,
एका वेळी एकीनंच चुलीपाशी बसायचं.
इस्त्री दुपारी, नव्या मीटरला दुपार स्वस्त पडते म्हणे.
नळ आला की सगळं बंद,
मोटार उठताना सहापट खाते.
नळ कधी येणार,
ते तेवढं कागदावर लिहिता आलं नाही.

परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी रात्री दीडला नळ आला.
पद्मीननं मोटार लावली. वर कुणीतरी किटली.
खट्.
ह्या वेळी कुणी हसलं नाही.
मी पेटी उघडली, वायरीवर पालथा हात ठेवला
लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.
ताप होता.
जिन्यात चार मोबाइलचे उजेड.
सेलूचा पोरगा पहिल्यांदा बोलला,
"चहासाठी लावली होती काका. झोप येऊ लाली."
म्हटलं, कर चहा.
अर्धा तास थांब, टाकी भरू दे.

तिथून रविवारपर्यंत
खालचा कूलर मी लावला नाही.
फ्रिजची पिनही काढून ठेवली.
पद्मीन म्हणाली, दूध नासंल.
नासलं.
अंगणात बाज टाकली, छातीवर ओला पंचा,
तिच्या हातात विंझणा,
दोन वारे तिला, एक मला,
आणि त्याच्यावरूनही खटका.
वर चार कूलर एका सुरात.
डोळा लागला तरी कान जागा होता,
कुणाचा आवाज बसतोय का बघत.

पोरं गेली. निकाल लागायचाय.
मीटरवरचा तांबडा ठिपका
आता मिचकायचं विसरून जातो मधे मधे.
काल खोली झाडायला वर गेलो.
कागद तसाच होता, चहाचा एक डाग वाढलेला.
तळाशी माझी बेरीज, दोनदा खोडलेली,
आणि तिच्याखाली पेन्सिलीनं
भाड्याच्या पावतीवरच्या त्या बारीक अक्षरात:
काका, ह्यात तुमचा कूलर धरलेला नाही.

खाली येऊन पद्मीनला सांगितलं.
ती भाकरी उलटत होती.
म्हणाली,
फ्रिजबी नाही धरलेला.